ट, कप, मरस, गनतळ

आमच्या हेडमास्तरांनी मला शंभरपैकी अडतीस मार्क दिले होते. कशात, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत मी सहायक मास्तर म्हणून हजर झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक बोरू आणि चाकू दिला आणि "टोक करा" म्हणाले. मी बोरू तासला. त्यांनी तो नाकाशी नेऊन पाहिला, नाकाशी म्हणजे अगदी नाकाला लावून, आणि कोटाच्या खिशातून काळ्या पुठ्ठ्याची एक वही काढून तीत काहीतरी लिहिलं. "अडतीस. पास आहात. हजेरी घ्या," एवढंच बोलले. पुढे नऊ वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली. त्या नऊ वर्षांत अडतीसाचे एकोणचाळीस झाले नाहीत.

त्या काळ्या वहीत सगळं गाव होतं. गाडीवान, टपालवाला, पोलीस पाटील, देवळातला गुरव, कोणी सुटलं नव्हतं. "इम्तिहानाशिवाय माणूस कळत नाही," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकायचो. बाजारात वांगी घ्यायची तर आधी भाजीवालीची परीक्षा. वांगी कोणत्या वाफ्यातली, पाणी कधी दिलं, तोडली कोणी, सकाळी की काल संध्याकाळी. ती बिचारी एकदा वैतागून म्हणाली, "मास्तर, वांगं हाय त्ये. हातात घिऊन बगा की." पण ते बघत नसत, विचारत असत. तिला बावीस मिळाले, आणि वांगी मात्र तिच्याकडूनच घेतली गेली.

न्हाव्याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी आधी माझी दाढी करायला लावली. मला दोन ठिकाणी कापलं. न्हावी नापास झाला. मग त्याच न्हाव्याकडून त्यांनी जन्मभर दाढी करून घेतली, कारण गावात दुसरा न्हावी नव्हता. मी त्यांना विचारलं, मग माझे गाल कशाला फुकट घालवले? तर म्हणाले, "निकाल माहीत असलेला बरा."

हा काळ निजामाच्या अमदानीतला. चावडीच्या मागे दोन खोल्यांत आमची शाळा भरायची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. फळ्यावर लिहिताना त्यांचं नाक फळ्याला लागायचं, त्यामुळे दिवसभर नाकाच्या शेंड्यावर खडू असायचा. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर त्यांच्याकडून उत्तर नाही. लोक म्हणायचे, घमेंड फार. मला मात्र वाटायचं, डोक्यात सतत काहीतरी चालू असतं, त्यामुळे लक्ष नसेल. चांगलं समजून घ्यायची माझी ही सवय पुढे मला फार महागात पडली.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तपासणीला शिक्षण खात्याचे मोहतमीमसाहेब यायचे तेव्हा त्यांच्यापुढे आमच्या शाळेचं एकही लेकरू कधी अडलं नाही. त्याचं कारण उजळणी. रोज संध्याकाळी शाळा सुटण्याआधी सगळी पोरं अंगणात ओळीनं उभी राहायची आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी एका सुरात म्हणायची. पहिल्यांदा मी म्हणायचो, माझ्यामागून पोरं. हेडमास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहायचे, आणि पन्नास आवाजांतून एखादा चुकला की नाव घेऊन सांगायचे. कान असा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

माझी थोरली मुलगी शकू तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिसरीत होती. शाळेत दोनच मुली, म्हणून त्यांना मागच्या भिंतीशी बसवलेलं. तिच्या डोळ्यांचं आम्हाला कळलं ते पोळ्याच्या दिवशी. वाजंत्री वाजत होती, चावडीसमोरून बैलं झुली घालून चालली होती, सगळं गाव बघत होतं, आणि शकू आईचा पदर ओढून विचारते, "माय, बैलं कुठपर्यंत आले?" बैलं तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती.

बायको त्या रात्री जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "अवो, पोरीला लांबचं दिसत न्हाई. तुमाला कळून राहिलं का काही?"

मला कळत होतं, आणि म्हणूनच मी बोलत नव्हतो. माझ्या आईचे डोळे असेच गेले होते. तिला मोतीबिंदू झाला तेव्हा गावात एक फिरस्ता आला होता, मोतीबिंदू काढणारा. हात फार हलका आहे असं चार लोकांनी सांगितलं. आम्ही कसलीही चौकशी न करता आईला त्याच्यापुढे बसवलं. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेला आणि आई त्यानंतरची अकरा वर्षं भिंत धरून चालली. शकूही आता त्याच वाटेनं चालली आहे, हे माझ्या मनानं घेतलं होतं. ती आंधळी होणार का, एवढा एकच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात होता. आणि या वेळी तिला चुकीच्या माणसाच्या हातात द्यायचं नाही, हेही ठरलं होतं.

म्हणूनच मी ती चूक केली. मी हेडमास्तरांना सांगितलं. मला वाटलं, ज्याला त्याला पारखणारा माणूस आहे, निदान फसवला जाणार नाही.

त्यांनी ऐकून घेतलं आणि वही काढली. "मास्तर, डोळे दाखवायचे म्हणजे आधी डोळे बघणाऱ्याची परीक्षा. तुम्ही यात पडू नका. मी निवडतो." आणि त्या दिवसापासून माझ्या मुलीचे डोळे माझे राहिले नाहीत.

पहिले नापास झाले ते सेनगावचे वैद्य. म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी शकूची पापणी वर करून पाहिली, त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायला सांगितले आणि घालायला एक अंजन दिलं. हेडमास्तर म्हणाले, "हे आधी तुमच्या डोळ्यात घाला." वैद्य म्हणाले, माझे डोळे चांगले आहेत. "मग तर घालायला काहीच हरकत नाही," हेडमास्तर म्हणाले. वैद्यांनी डबी परत घेतली आणि आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. परतीच्या वाटेवर छकड्यात हेडमास्तर वही नाकाशी धरून लिहीत होते. एकोणीस.

बायकोनं औंढ्याच्या नागनाथाला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलला. हे कळल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, गुरवाला विचारून घ्या, आधी वाहिलेले डोळे कोणाकोणाचे आहेत आणि त्यातल्या किती जणांना दिसू लागलं. मी हे घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरात जेवायला मिळालं नसतं.

मग मार्गशीर्षात बाजारच्या दिवशी चष्मेवाला आला. खांद्यावर लाकडी पेटी, पेटीत कापसावर ठेवलेल्या काचा आणि तारेच्या काड्या. एकेक चष्मा नाकावर चढवायचा आणि दिसतंय का ते विचारायचं, एवढीच त्याची विद्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची गर्दी होती. शकूला चार-पाच चष्मे लावून झाले, काही जमेना. मग त्यानं पेटीच्या तळातून एक काच काढली आणि ती लावल्याबरोबर शकू गप्प झाली. मान वळवून ती समोर पिंपळाखाली बघू लागली.

"दादा," ती मला म्हणाली, "तिथं एक बाई हाय. बांगड्या भरून राहिली. हिरव्या."

होती. पिंपळाखाली कासारीण बसली होती आणि कोणाच्या तरी हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. 

हेडमास्तरांनी पिंपळाकडे पाहिलं. "कोण बाई? तिथे कोणी नाही."

"आहे की, साहेब," मी म्हणालो.

"तुम्ही मध्ये बोलू नका. परीक्षा चालू आहे." त्यांनी शकूच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि चष्मेवाल्याला विचारलं, "ही काच कोणत्या रोगावरची? तुझ्या पेटीत एकूण काचा किती? दोन माणसांच्या दोन डोळ्यांना एकच काच कशी चालते?"

चष्मेवाला मुसलमान होता, वाशीमकडचा. तो म्हणाला, "साहब, मैं हकीम नहीं हूँ. बच्ची को दिखता है, तो दिखता है."

"म्हणजे तुला माहीत नाही. मुलीला भास होतो, तिथे बाई नाही आणि तुला माहीत नाही." त्यांनी चष्मा पेटीत टाकला. चष्मेवाल्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काही बोललो असतो तर त्यानं ती काच मला दिली असती. मी बोललो नाही. त्यानं पेटी बंद केली, उचलली आणि तो बैलबाजाराच्या बाजूला निघून गेला.

पुढचे चार बाजार शकू मला विचारत होती, "दादा, तो पेटीवाला कधी येईन?" तो गोरेगावच्या बाजाराला पुन्हा आला नाही. इतकं होऊनही मी हेडमास्तरांना एक शब्द बोललो नाही, आणि ही गोष्ट आठवली की मला अजून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. तेव्हा मात्र मी स्वतःची अशी समजूत घातली की आईच्या वेळी चौकशी केली नव्हती, आता होते आहे, ती होऊ द्यावी.

राहिला हिंगोलीचा सरकारी दवाखाना. तिथले डॉक्टर हैदराबादकडचे होते, मराठी तोडकं बोलायचे. हेडमास्तर आधी एकटेच जाऊन आले. "उमेदवाराची पाहणी," म्हणाले. परत आले ते भलतेच खूश होऊन. दवाखान्याच्या भिंतीवर डोळे तपासायचा एक तक्ता टांगला होता. खेड्यातल्या लोकांसाठी डॉक्टरांनी तो पेंटरकडून बाळबोध अक्षरांत लिहून घेतला होता. सर्वांत वर एकच मोठं अक्षर, त्याखाली दोन, मग तीन, आणि खाली खाली बारीक होत जाणारी. हेडमास्तर अर्धा तास त्या तक्त्याला नाक लावून उभे होते म्हणे, आणि सगळा तक्ता वहीत उतरवून आणला होता.

"मास्तर, काय शिस्त आहे! मोठ्याकडून लहानाकडे, एकाकडून अनेकाकडे. फक्त चौथ्या ओळीतला ळ बिघडलाय, ते मी डॉक्टरांना लेखी कळवलंय."

दुसऱ्या दिवशी तो तक्ता उजळणीत आला. पाऊणकी संपली की तक्ता. आमची मुलं जिल्ह्याला गेली, दवाखान्यात गेली तर गांगरायला नकोत, असं त्यांचं म्हणणं. पोरांना तो भारीच आवडला, कारण त्याला काही अर्थच नव्हता. मी म्हणायचो आणि पोरं माझ्यामागून बोंबलायची, "ट! कप! मरस! गनतळ! वदजबल! यधचहथख!" गावात गुरं राखणाऱ्या पोरांच्या तोंडीसुद्धा ते गेलं. मागच्या ओळीत शकू असायची, सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. मला काहीच खटकलं नाही. आमच्याकडे शिकणं म्हणजे पाठ करणं, आणि पाठ झालं म्हणजे आलं.

संक्रांत झाल्यावर आम्ही तिघं छकड्यानं हिंगोलीला गेलो. दवाखान्यात तापाच्या रोग्यांची रांग बाहेरच्या लिंबापर्यंत गेलेली. डॉक्टरांनी शकूला भिंतीपासून लांब उभं केलं, एक डोळा हातानं झाकायला लावला आणि तक्त्याकडे छडी नेली. छडी पहिल्या अक्षरावर टेकण्याआधीच शकू सुटली. सगळा तक्ता तिनं एका दमात म्हटला. दुसरा डोळा झाकला, पुन्हा म्हटला. हेडमास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. एक अक्षर चुकलं नाही.

डॉक्टर हसले. "लडकी की नजर एकदम बराबर आहे. काय तकलीफ नाही. नेक्स्ट."

"शंभरपैकी शंभर!" हेडमास्तर दवाखान्यात ओरडले. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर पडताना शकू पायरी चुकली आणि तिचा गुडघा फुटला. हेडमास्तर म्हणाले, "पाहिलंत? आनंदानं लक्ष राहत नाही."

मला वाटतं, त्या दिवशी मी मूर्खच झालो होतो. आंधळी होणार नाही, डॉक्टरनं सांगितलं, एवढंच मला ऐकू आलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं तर ती शकूच्या गुडघ्याला हळद लावत होती. म्हणाली, "मंग हे काहून?"

पुढचे महिने शकूला फार वाईट गेले. डोळे तर चांगले ठरले होते. आता फळ्यावरचं लिहून घेताना ती चुकली तर तो कामचोरपणा. हेडमास्तर तिला उभं करायचे. हिला चौथीत घालता येणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी मान हलवली. पाणी आणताना तिनं दारातला रांजण फोडला तेव्हा मी तिला मारलं. ती म्हणाली, "दादा, मला दिसला न्हाई." मी म्हणालो, खोटं बोलतेस, डॉक्टरनं सांगितलंय. हे मी माझ्या तोंडानं म्हणालो.

उलगडा झाला तो उन्हाळ्यात. बायको शकूला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावत होती. शकू डोळे मिटून, मान खाली घालून, आपल्याच नादात म्हणत होती, "ट, कप, मरस, गनतळ..."

"काय म्हणून राहिली गं?"

"डाक्टरचा तक्ता."

बायकोचा हात थांबला. "त्या दिशी हेच म्हटलं का?"

"व्हय. मास्तर बोलले व्हते, डाक्टर तक्ता विचारीन. मी म्हटला सगळा."

"अन् दिसत व्हता?"

शकूनं डोळे उघडून आईकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही. "दिसाचा असतो व्हय?" ती म्हणाली. "पाठ करायचा असतो."

मी ओसरीवर बसलो होतो. बायको उठून बाहेर आली, तेलाचे हात तसेच. तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मास्तर म्हणून हाक मारली. "अवो मास्तर, तुमी लेकरायला डोळे पाठ करून दिले व्हय?"

 ती म्हणाली, "उद्या छकडा सांगा. मी येतीय. तुमच्या त्या सायबालाबी घ्या, त्याच्याबिगर तुमचं पाऊल उठत न्हाई."

मी हेडमास्तरांकडे गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. तुमच्या त्या उजळणीनं डॉक्टर फसला, माझी मुलगी पाच महिने आंधळ्यासारखी राहिली, असं मी म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "शंभरपैकी शंभर मिळालेल्या मुलीची फेरपरीक्षा? असं कधी होत नाही. पण तुमची खात्री पटत नसेल तर मी येतो. माझी विद्यार्थिनी आहे, ती अडणार नाही." मी कपाळावर हात मारला. त्यांनी तो पाहिला नाही.

दवाखान्यात बायको आम्हाला बाहेर बसवून एकटीच आत गेली. रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला, पण ती गेली. खेड्यातली बाई, डोक्यावर पदर, डॉक्टर दुसऱ्या मुलखातला. ती आत काय बोलली हे तिनं मला नंतर सांगितलं. "डाक्टरसायब, माझ्या पोरीला तुमचा तक्ता पाठ हाय. तुमची चूक न्हाई. पर आता त्यो फिरवा." दुसरा एखादा डॉक्टर असता तर तिला हाकलून दिलं असतं. या माणसानं हातातलं काम ठेवलं, स्वतः उठला, तक्ता खिळ्यावरून काढून उलटा टांगला आणि मग आम्हाला आत बोलावलं. चांगल्या डॉक्टरची परीक्षा घ्यायची ती अशी, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही आत गेलो. तक्त्याची पांढरी, कोरी पाठ भिंतीवर होती. मला दिसली, बायकोला दिसत होती. डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. शकूला मागच्याच जागी उभं केलं, डोळा झाकला आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर छडी ठेवली.

"पढो, बेटी."

"ट," शकू म्हणाली. "कप. मरस. गनतळ. वदजबल. यधचहथख."

 माझी मुलगी कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघून, ठणठणीत आवाजात, एक अक्षर न चुकता वाचत होती. माझ्या आईचा तोल जाऊ नये म्हणून मी तिचा हात धरून भिंतीला लावून द्यायचो, तेच मला एकदम आठवलं. बायकोनं तोंडात पदर घातला.

आणि मागून हेडमास्तर ओरडले, "शंभरपैकी शंभर!"

मी वळून पाहिलं. ते पुढे सरसावून, आनंदानं, सरळ तक्त्याकडेच बघत होते. "पाहिलंत मास्तर? शेवटची ओळ किती बारीक आहे, तीही सोडली नाही!"

 डॉक्टरांनी छडी खाली ठेवली. "हेडमास्तरसाब," त्यांनी हळू विचारलं, "तक्त्यावर काय लिहिलंय?"

"तेच. तिनं वाचलं ते."

"ळ कुठे आहे?"

"चौथ्या ओळीत, शेवटी. बिघडलेला आहे. मी कळवलं होतं."

"आप जरा आगे आइए."

ते पुढे गेले. एक पाऊल, दोन, तीन. नाक पुठ्ठ्याला टेकायला आलं तेव्हा थांबले.  मग त्यांनी हात वर करून तो पांढरा पुठ्ठा वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिला.

मला हसू यायला हवं होतं, किंवा निदान राग तरी. काहीच आलं नाही. मला वांगी आठवली, न्हावी आठवला, रस्त्यातले नमस्कार आठवले, पिंपळाखालची कासारीण आठवली. हा माणूस बघायच्या ऐवजी विचारत का असतो, हे नऊ वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. जन्मापासून ज्याला जग नाकापुढे वीतभरच दिसलं, त्याला वाटणार की सगळ्यांना तेवढंच दिसतं आणि बाकीचं लोक विचारून घेतात.

डॉक्टरांनी शकूपुढे बोटं धरली, ती सांगता आली नाहीत, जवळ नेली, मग आली. हे मोतीबिंदूचं नाही, आजीसारखं होणार नाही, लांबची नजर कमी आहे, काच लागेल, असं त्यांनी बायकोला सांगितलं. मला नाही, बायकोला. तिनं तिथेच नागनाथाला हात जोडले. चष्म्याची सोय हिंगोलीत नव्हती. परभणीला डोळ्यांचे डॉक्टर बसायचे, त्यांच्या नावानं त्यांनी चिठ्ठी लिहिली. मग दुसरा कागद घेऊन दुसरी चिठ्ठी लिहिली आणि ती हेडमास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी न नेता घडी करून खिशात ठेवली.

परभणीला दोघांचेही डोळे तपासून झाले, पण लढाईचे दिवस होते, काचा हैदराबादहून यायला पावसाळा उजाडला. दोन्ही चष्मे एकाच पार्सलात आले. शकूनं चष्मा लावला आणि पळत चावडीच्या वळणापर्यंत गेली, तिथून ओरडली, "दादा, तुमी दिसून राहिले!" मी हात हलवला. ती म्हणाली, "हात हलवून राहिले!" असं अंधार पडेपर्यंत चाललं होतं. मी दारात उभा राहून हात हलवत राहिलो, कारण त्या पोरीला मी एका रांजणासाठी मारलं होतं.

हेडमास्तरांनी चष्मा शाळेत लावला. वर्गाच्या दारात उभे राहून त्यांनी मागच्या भिंतीपर्यंत पाहिलं आणि बराच वेळ काहीच शिकवलं नाही. नंतर शकूला म्हणाले, "तू इतकी मागे बसत होतीस?" ती हो म्हणाली. "माझं अक्षर तुला तिथून दिसतं आता?" ती पुन्हा हो म्हणाली. त्यांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिला. संध्याकाळच्या उजळणीतून तक्ता गेला.

आता हा माणूस सुधारला असेल असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी पोस्टमनची परीक्षा होती. फक्त आता तो बिचारा दुरूनच दिसायचा, त्यामुळे सुटत नसे.

त्या आठवड्यात एकदा शाळा सुटल्यावर ते टेबलाशी काळी वही उघडून बसले होते. मी कुलूप लावायला थांबलो होतो. सगळ्यांचे मार्क नव्यानं लिहिणं चाललं होतं. भाजीवालीला पंचावन्न झाले. चष्मेवाल्याच्या नावापुढे नव्वद लिहिले, आणि त्याचं गाव कोणतं, असं मला विचारलं. वाशीमकडचा, मी म्हणालो, त्यापुढे माहीत नाही. डॉक्टरांना पंच्याण्णव, ळसाठी पाच कापले. मग त्यांनी एक पूर्ण ओळ सोडून माझ्या बायकोचं नाव लिहिलं आणि पुढे शंभर. त्या वहीतले ते पहिले खरे शंभर. सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, असं लिहून स्वतःच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं ते त्यांनी हातानं झाकून घेतलं.

मला राहवलं नाही. "साहेब, आणि माझे? अजून अडतीसच?"

त्यांनी मान वर केली. जाड काचांतून ते माझ्याकडे पाहत राहिले. नऊ वर्षांत त्यांनी मला टेबलापलीकडून कधी पाहिलंच नव्हतं.

"तिला दिसत नव्हतं, मास्तर," ते म्हणाले. "मलाही दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं. आणि तक्ता रोज म्हणवून घेत होतात तुम्ही."

त्यांनी वही पुढे ओढली आणि अडतीसातून तीन कमी केले. पस्तीस म्हणजे काठावर पास. त्या माणसानं मला आयुष्यात पुष्कळ छळलं, पण त्या दिवशी त्यानं मला नापास केलं नाही, याचा जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचाच आला नाही.